अडुळशाचा पाला तपासायचा कुठे?

खोकल्यावरच्या कुठल्याही आयुर्वेदिक सिरपची बाटली उचला. पुढे हिरवंगार पान आणि 'नैसर्गिक' हा शब्द. मागे बारीक अक्षरांत यादी: वासा, यष्टिमधु, कंटकारी, तुळस, पिंपळी, आणि प्रत्येकापुढे मिलिग्रॅमचा आकडा. वासा म्हणजे आपला अडुळसा. त्याच्यापुढचा आकडा खोटा असेल असं मी म्हणत नाही. पण तो वजनाचा आकडा आहे. ते वजन चांगल्या पानांचं होतं की काळवंडलेल्या, त्यात काड्या किती होत्या, पाला गोदामात किती पावसाळे पडून होता, यातलं काहीच त्या आकड्यातून कळत नाही. कळायची सोयही नाही, कारण तसं सांगण्याची सक्ती कोणावरच नाही.

अडुळशावर आपला विश्वास मात्र जुना आहे. 'वासायां विद्यमानायाम् आशायां जीवितस्य च' हा श्लोक वैद्यांना पाठ असतो: वासा हाताशी आहे आणि जगण्याची आशा आहे, तोवर रक्तपित्ताच्या, क्षयाच्या, खोकल्याच्या रोग्याने खचायचं कशाला? रसायनशास्त्रानेही या पानाची दखल लवकर घेतली. १८८८ साली डेव्हिड हूपर यांनी पानातल्या व्हॅसिसिन या अल्कलॉइडची, म्हणजे औषधी गुणाच्या रसायनाची, नोंद केली. पुढे विसाव्या शतकात त्याच रेणूच्या धाग्यावरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, आणि ब्रोमहेक्सिनचं शरीरात जे रूपांतर होतं ते अँब्रॉक्सॉल आज अॅलोपॅथीच्या असंख्य कफ सिरपमध्ये आहे. आता हे पाहा: अँब्रॉक्सॉलच्या बाटलीवर पाच मिलिलिटरमागे ते नेमकं किती हे लिहावंच लागतं आणि तपासणीत तेवढं भरावंही लागतं. ज्या पानावरून ही सगळी कल्पना निघाली, त्या पानाच्या बाटलीवर व्हॅसिसिन किती हे लिहायची गरज नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की वनौषधींना प्रमाणकं नाहीत म्हणून हा गोंधळ आहे, ती तयार करा. हे उत्तर चुकीचं आहे. प्रमाणकं आहेत. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या सरकारी प्रमाणग्रंथात, वासापत्राचं स्वतंत्र प्रकरण आहे: बाहेरचा कचरा २ टक्क्यांहून जास्त नको, एकूण राख २१ टक्क्यांहून जास्त नको, आम्लात न विरघळणारी राख १ टक्क्याच्या आत, अल्कोहोलमध्ये उतरणारा अंश किमान ३ टक्के, पाण्यात उतरणारा किमान १०. शिवाय पान डोळ्यांना कसं दिसतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं पाहिजे याचं वर्णन. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. राखेचंच बघा. २१ टक्के राख म्हटल्यावर एखाद्याला वाटेल, पाचवा हिस्सा माती चालते की काय? तसं नाही. अडुळशाच्या कुळातल्या झाडांच्या पानांत कॅल्शियम कार्बोनेटचे खडे असतात, सिस्टोलिथ म्हणतात त्यांना. पान जाळलं की हा चुना राखेत उतरतो, म्हणून एकूण राखेची मर्यादा सैल ठेवावी लागते. पण चुना आम्लात विरघळतो, वाळू विरघळत नाही. म्हणून दुसरी मर्यादा कडक, १ टक्का. गोणी भरताना अंगणातली माती सोबत आली असेल तर ती इथे सापडते. तसंच पाण्यात उतरणाऱ्या अंशाचं. एकदा काढा उकळून घेतलेला चोथा वाळवून कुणी पुन्हा पाला म्हणून खपवू पाहिला, तर या चाचणीत तो उघडा पडतो.

म्हणजे पुस्तक शहाणं आहे. भारत सरकारने गाझियाबादला भारतीय चिकित्सा पद्धती आणि होमिओपॅथी यांच्यासाठी फार्माकोपिया आयोग नेमला आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदासाठी वेगळं प्रकरण आहे, भेसळयुक्त आणि बनावट औषधाच्या व्याख्या आहेत, आणि त्याखालच्या नियमांत कारखान्यांनी औषध कसं बनवावं हे सांगणारं शेड्यूल टी आहे. अडचण निराळीच आहे. ही सगळी व्यवस्था पाल्याला पहिल्यांदा भेटते ती कारखान्याच्या दारात, आणि तोवर पानाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

अडुळसा हे फार लाडाने वाढवायचं झाड नाही. कोकणापासून विदर्भापर्यंत बांधावर, कुंपणाला, पडीक जागी ते आपलं आपण उगवतं. शेळीही त्याला तोंड लावत नाही, म्हणून तर कुंपणाला लावतात. बाजारात येणारा बराचसा पाला असाच, गोळा केलेला. तोडणारा तो किलोवर विकतो. किलोवर विकायचा म्हणजे त्याच्या दृष्टीने काड्या हे वजन, ओल हे वजन, खालची पिवळी पानंही वजनच. ओला पाला सुकला की वजनाने साधारण चौथा-पाचवा हिस्सा उरतो. सावलीत, पातळ पसरून, वरखाली करत सुकवणं म्हणजे जागा अडते, दिवस जातात आणि पैसे कमी मिळतात. उन्हात टाकून अर्धवट वाळवला, गोणीत दाबून भरला, तर वजनही जास्त आणि पैसेही लवकर. त्या गोणीत पुढे बुरशी धरते, पान काळं पडतं, आत काय काय बदल होतात. पण तोवर गोणी गावातल्या खरेदीदाराकडून तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे, तिथून मोठ्या शहरातल्या काष्ठौषधींच्या आडत्याकडे गेलेली असते. वाटेत तीन-चार गावांचा, दोन हंगामांचा पाला एकत्र झालेला असतो. कारखान्याच्या प्रयोगशाळेत येतो तो या सगळ्याचा सरासरी नमुना.

प्रयोगशाळेने तो नाकारला तर? प्रामाणिक कारखाना नाकारतो. मग ती गोणी नष्ट होते का? तिच्यावर कसलाही शिक्का बसत नाही, कुठे नोंद होत नाही. ती कमी भावाने, कमी विचारणाऱ्या दुसऱ्या दाराशी जाते. चांगल्या कारखान्याची कडक तपासणी अशी बाकीच्या बाजाराला वाईट माल पुरवत राहते, आणि या उलट्या परिणामाचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

याच्या शेजारी सोनामुखीचा व्यापार ठेवून पाहावा. तीही पानंच, तीही वाळवून गोणीत. पण तमिळनाडूच्या तिरुनेलवेली-तुतीकोरिन पट्ट्यात तिची शेती होते, आणि परदेशी ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो सेनोसाइड, म्हणजे त्यातलं रेचक द्रव्य, किती टक्के. भाव त्यावर ठरतो. एकदा भाव टक्क्यावर ठरायला लागला की पान कधी तोडायचं, कसं वाळवायचं, शेंगा वेगळ्या करायच्या का, हे शेतकऱ्याला सरकारी पत्रक वाचून शिकावं लागत नाही. सोनामुखीच्या व्यापारात सगळं आलबेल आहे असं नाही, पण तिथे पानाचा गुण खरेदीच्या पावतीपर्यंत पोचला आहे. अडुळशाच्या बाबतीत तो पुस्तकातच राहिला.

आयुर्वेदाच्या बाजूने एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. पानाचं औषधीपण एका रेणूत कसं कोंबता? व्हॅसिसिन मोजलं म्हणजे वासा मोजला का? अजिबात नाही. आणि फक्त आकड्याच्या मागे लागलं की काय होतं याचं उदाहरणही पानाचंच आहे. गिंको या झाडाच्या पानांचा अर्क युरोपात औषध म्हणून चालतो, त्यात २४ टक्के फ्लेव्होन ग्लायकोसाइड असावेत असं प्रमाणक सर्वमान्य झालं. लगेच बाजारात असा अर्क आला ज्यात गिंको कमी आणि दुसऱ्या स्वस्त झाडांतून काढलेली रुटिन किंवा क्वेर्सेटिन ही त्याच जातीची द्रव्यं जास्त. चाचणीत २४ टक्के बरोबर भरायचे. २०१५ साली चीनच्या औषध प्रशासनाने अशा अर्कांविरुद्ध मोठी मोहीम काढली तेव्हा त्याची व्याप्ती दिसली. एकच संख्या ठेवली की ती भरून देणारे भेटतातच. म्हणून संख्येच्या जोडीला संपूर्ण पानाचा ठसा लागतो. एचपीटीएलसी या, अर्कातली द्रव्यं वेगळी करून दाखवणाऱ्या, चाचणीच्या पट्टीवर अडुळशाच्या अर्काचे जे पट्टे ओळीने उमटतात ते दुसऱ्या झाडाचे नसतात. नुसतं शुद्ध व्हॅसिसिन मिसळलं तर एकच पट्टा गडद होतो, बाकीची ओळ फिकी राहते. आक्षेप घेणाऱ्यांनी खरं तर अशा ठशाची मागणी पुढे येऊन करायला हवी होती, कारण 'संपूर्ण पान' या त्यांच्या म्हणण्याचा तो पुरावा आहे. त्याऐवजी तो आक्षेप मोजणीच टाळण्यासाठी वापरला जातो, आणि इथे माझा संयम संपतो.

कारण मोजणी ही परदेशातून आलेली कटकट आहे हा समजच खोटा आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कोणता भाग कोणत्या ऋतूत घ्यायचा हे सांगितलं आहे. फांद्या आणि पानं वर्षा आणि वसंतात, तीही नवी फुटलेली. शार्ङ्गधरसंहितेचा कर्ता शार्ङ्गधर आणखी पुढे जातो. वनस्पती वर्षभरानंतर गुणहीन होते, चूर्ण दोन महिन्यांत वीर्य गमावतं, असं तो लिहितो. आज चूर्णाच्या डब्यावरची मुदत वर्षांच्या हिशेबात असते. आणि जी द्रव्यं नेहमी ओलीच वापरावीत म्हणून तो गुळवेल, कुडा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा अशी नावं घेतो, त्या यादीत वासाही आहे. 'प्रयोक्तव्याः सदैवार्द्राः', सदैव ओलीच. अडुळशाच्या पानातून रस सहज निघत नाही म्हणून पुटपाक करून, म्हणजे पानांचा गोळा गुंडाळून भाजून, तो काढायची युक्तीही परंपरेत आहे. आजीबाई पानं वाफवून रस काढत ती हीच युक्ती, घरगुती रूपातली.

आता फार्माकोपियाकडे पुन्हा पाहा. तिथले राखेचे आणि अर्काचे आकडे वाळलेल्या पानाला लागू पडणारे आहेत, कारण कारखान्याला वाळलेलंच परवडतं. ग्रंथ ओलं सांगतो, उद्योग वाळलेलं वापरतो, आणि लेबलावर मात्र ग्रंथाचा आधार छापतो. ग्रंथोक्त औषधाला नव्या चाचण्यांतून सूट मिळते ती परंपरेच्या नावावर. मग परंपरेने घातलेली अटही पाळायला नको का? वाळलेलं पान निकामी असतं असं माझं म्हणणं नाही. ओल्या आणि वाळलेल्या पानांच्या सिरपची शेजारी शेजारी तुलना करून दाखवा, फरक नसेल तर नसेल. पण ताज्या पानासाठी वेगळे आकडेच नसणं, आणि त्याबद्दल कुणालाच चुकचुकल्यासारखं न वाटणं, हे मात्र मला खटकतं.

पान कोणतं हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा. अडुळशाबाबत तो तुलनेने सोपा आहे. महारुखाची पानं त्यात मिसळल्याचे उल्लेख आहेत, पण ज्याने झाड पाहिलंय तो फसणार नाही, आणि भुकटी झाली तरी सूक्ष्मदर्शक फसत नाही. खरी भीती तालीसपत्राची. खोकल्यावरच्या तालीसादि चूर्णातलं हे मुख्य पान. फार्माकोपियाप्रमाणे ते हिमालयातल्या एका फर वृक्षाचं, अॅबीस वेबियानाचं. पण त्याच नावाने बाजारात टॅक्सस या दुसऱ्याच झाडाचीही पानं विकली जातात, आणि टॅक्ससच्या पानांत हृदयावर परिणाम करणारं टॅक्सिन नावाचं विष असतं. दोन्ही वाळलेली, दोन्ही सुईसारखी चपटी, दोन्ही थंड प्रदेशातून येणारी. पुण्या-मुंबईच्या दुकानदाराने ती झाडं उभ्या आयुष्यात पाहिलेली नसतात. इथे 'मी चाळीस वर्षं हाच धंदा करतोय' या वाक्याला काही किंमत नाही.

विषाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १९८६ च्या जानेवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये मिसळलेल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी औद्योगिक द्रवाने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरं वेशीवर टांगली. २०२५ च्या शरदात छिंदवाड्यात तोच पदार्थ कफ सिरपमधून लहान मुलांच्या पोटात गेला. दोन्ही वेळा दोष कच्च्या मालात होता आणि तो तपासणाऱ्याने तपासला नव्हता. अशा बातम्यांनंतर पालक हर्बल बाटलीकडे वळतात, 'निदान निर्धोक तरी असेल' म्हणून. हर्बल बाटलीतही पातळ द्रव्य असतंच, आणि तेही कुठून तरी विकत घेतलेलं असतं. शिवाय अडुळसा स्वतः काही दूधभात नाही. व्हॅसिसिन गर्भाशय आकुंचित करतं हे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या अभ्यासांनी पूर्वीच दाखवलं आहे, म्हणूनच गरोदर बाईला ते देऊ नये असं सांगतात. ज्याचा असा परिणाम होतो त्याचं प्रमाण बाटलीवर नसणं ही साधी गैरसोय म्हणता येणार नाही.

सरकारला कडक व्हायचं कळत नाही, असंही नाही. २००४ च्या डिसेंबरमध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांचा अभ्यास आला. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पुढच्याच वर्षी आपल्याकडे आदेश निघाला आणि १ जानेवारी २००६ पासून वनस्पतिजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची झाली: शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम, प्रत्येकाची मर्यादा ठरली. पण कोणासाठी? निर्यातीसाठी. देशातल्या विक्रीला त्या आदेशात ही सक्ती नव्हती. पुढे अशा मर्यादा फार्माकोपियात आल्या, हे खरं. तरी तो क्रम विसरण्यासारखा नाही. बोस्टनच्या ग्राहकाची काळजी आधी, बुलढाण्याच्या ग्राहकाची नंतर.

खर्चाचं काय, हा प्रश्न छोट्या रसशाळा विचारतील आणि त्यांनी विचारलाच पाहिजे. आपल्याच रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्याला कायद्याने परवान्यातून सूट दिली आहे, ती तशीच राहावी. त्याच्या अंगणातल्या अडुळशावर निरीक्षक पाठवायची काही गरज नाही. पण जो बाटली भरून दुकानात ठेवतो त्याला सूट कशाची? सूक्ष्मदर्शक, भट्टी, तराजू आणि ओलावा मोजण्याचं साधन एवढ्यावर निम्मी तपासणी होते, आणि बी.फार्म.च्या मुलांकडून महाविद्यालयं ती वर्षानुवर्षं प्रात्यक्षिक म्हणून करून घेत आली आहेत. एचपीटीएलसी महाग आहे, पण ते प्रत्येकाने घ्यायचंच नाही. जिल्ह्यातल्या पाच-दहा रसशाळांनी मिळून एखाद्या फार्मसी महाविद्यालयाशी करार करावा. सरकारला अनुदानच द्यायचं असेल तर इथे द्यावं. नवीन इमारतीची कोनशिला बसवण्यापेक्षा नमुन्यामागे काही रक्कम देणं जास्त उपयोगी आहे, पण त्यात फीत कापता येत नाही.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची पिकासाठी आणि जंगलातल्या गोळा-मालासाठी ऐच्छिक प्रमाणन योजना आहे. कल्पना बरोबर आहे, तपासणी झाडापाशी नेणारी. पण ऐच्छिक म्हटल्यावर पाला तोडणाऱ्याचा प्रश्न एकच असतो: प्रमाणपत्र घेतल्यावर किलोला जास्त मिळतील का? आज त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी नाही असंच येतं. म्हणून खरेदीदारावर एक बंधन घालावं. ज्या कारखान्याला अडुळशाचं उत्पादन विकायचं आहे त्याने पाल्याच्या प्रत्येक खेपेची नोंद ठेवावी: कुठून आला, कधी तोडला, ओलावा किती, व्हॅसिसिन किती. नाकारलेल्या खेपेचीही नोंद औषध प्रशासनाकडे जावी, म्हणजे ती गोणी दुसऱ्या दाराने आत शिरणार नाही. बाटलीवर मात्रेमागे व्हॅसिसिन किती ते, किमान-कमाल अशा मर्यादेत, छापावं. पान हे पान आहे, प्रत्येक वेळी आकडा तंतोतंत येणार नाही. पण मर्यादा तरी सांगता येते.

आणि भाव प्रतीवर द्यावा. हे सगळ्यात अवघड, कारण इथे कुणाच्या तरी खिशातून पैसे जाणार आहेत. ओलावा आणि काडीकचरा हे दोनच निकष घेऊन सुरुवात करता येईल; दोन्ही तोडणाऱ्यासमोर, त्याच्या अंगणात मोजता येतात, तिथे रसायनशास्त्र लागत नाही. महिला बचत गट आणि वनधन केंद्रं मोहफूल, हिरडा, बेहडा घेतात, तिथे वाळवणीची लाकडी फडताळं आणि एक ओलावामापक ठेवायला फार खर्च नाही. सावलीत वाळवलेल्या, काडी काढलेल्या पाल्याला किलोमागे दर वाढवून द्यावा, आणि तो कारखान्याने द्यावा. बाटलीच्या किमतीत पाल्याचा वाटा किती असतो हे त्यांच्या हिशेबनिसाला माहीत आहे. जाहिरातीचा वाटा किती असतो, हेही.